चौथ्या प्रकरणात मेलेली बहीण

भिंगार,
२४ नोव्हेंबर २०२५

शांतवन यास आक्काचा सलाम.

पत्र बघून दचकू नकोस. मेलेली माणसं पत्रं पाठवत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण पोस्टात कुणी विचारत नाही, तिकीट लावलं की झालं. अक्षर माझी नात ग्रेस हिचं, माझ्या नोहाची थोरली लेक. बोलणारी मी. आमच्यात असं ठरलंय की मी शांत असेन तोवर तिनं कॉलेजातल्यासारखं शुद्ध लिहायचं आणि मला राग आला की तोंडातून पडेल तसं. तेव्हा कुठं 'हाय' आणि 'न्हाई' दिसलं की समजून घे, म्हातारीनं लसूण सोलायचा थांबवलाय.

मागच्या रविवारी उपासनेवरून आले आणि सुपात लसूण घेऊन सोलत बसले. शेजारी ग्रेस मोठ्यानं वाचत होती. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला तुझं पुस्तक लावलंय. चौथं प्रकरण, 'सुकडी'. बहात्तरचा दुष्काळ, खर्ड्याच्या रस्त्यावर खडी फोडणारी सोळा वर्षांची एलझी, पायाला टायरचे तुकडे बांधलेले, धाकटा भाऊ नगरच्या बोर्डिंगात. मी म्हटलं, बरं लिहितो की शांतू. मग एलझीला ताप आला. मी म्हटलं, हा ताप काही मला आठवत नाही. मग ग्रेसनं नाक ओढलं आणि ओढणीनं डोळे पुसले.

"काय झालं गं?"

"मेली ती, आजी."

"कोण?"

"एलझी."

"एलझी तर मी."

"आजी, दुसरी कुणी असंल."

"आमच्या आईला दोन पोरी न्हवत्या. आन् टायर बांधून खर्ड्याच्या रस्त्यावर बसल्याली, शांतू नावाचा भाऊ बोर्डिंगात असल्याली दुसरी एलझी आसंल, तर आण तिला चहाला."

मग मी कपाट उघडलं. तुझं हेच पुस्तक सोळा वर्षं माझ्याकडं आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तूच पाठवलंस. आत तुझ्या हातचं, 'आक्कास, प्रेमाने. शांतू. नाताळ २००९.' दर नाताळाला मी त्याची धूळ पुसायची आणि आल्यागेल्याला करंजीबरोबर दाखवायची, माझ्या भावाचं हाय म्हणून. नोहानं चार पानं वाचली न् म्हणाला, मामा लई जड लिहितो. नागापूरच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला माणूस, तो काय वाचणार. आणि मी कुणाला वाच म्हटलंच नाही. पुस्तक घरात आहे एवढ्यानंच माझं पोट भरलं होतं. तुला हे बरोब्बर ठाऊक होतं. जिला वाचता येत नाही तिला तिच्याच मरणाचं पुस्तक सही करून पाठवायचं, ह्याला डोकं लागतं. तू लहानपणापासूनच हुशार.

आता ऐक. ग्रेसच्या दिपाली मॅडमनी प्रकल्प दिलाय, विषय 'साहित्यातील ओळख'. ग्रेसनं तुझं चौथं प्रकरण घेतलंय. घेतलंय म्हणजे मी घ्यायला लावलंय. आणि त्या कॉलेजात तू म्हणे बहिणीच्या नावानं ढाल ठेवलीस, 'प्रभुवासी एलिझाबेथ स्मृती ढाल', उत्तम प्रकल्पाला. फेब्रुवारीत तूच येऊन हातात देणार. त्या स्पर्धेतही ग्रेसचं नाव घातलंय.

मला काय हवं तेही सांगून ठेवते, मागनं म्हणशील म्हातारी कोड्यात बोलते. एक ओळ हवी. माझी बहीण एलिझाबेथ जिवंत आहे. तुझ्या हातची, सहीची, कॉलेजच्या नावानं. दोनशे पानांत तुला ती बसवता आली नाही, एका कागदावर बसव.

तुझी
आक्का (मयत)


भिंगार,
८ डिसेंबर २०२५

शांतवन यास,

मी पत्र पाठवते आणि तू फोन करतोस. तोही मला नाही, ग्रेसला, ती वर्गात असताना. म्हणालास, विषय बदल, मी तुला दुसऱ्या विषयाच्या नोट्स पाठवतो. म्हणालास, आजीला ह्यातलं काही समजायचं नाही. शेवटी म्हणालास, ह्याला प्रकल्प म्हणतात का, असं कुणी करतं का? पोर तुला सर म्हणते. मी तुला सर म्हणत नाही. असं का केलं ते मी सांगते.

मुखपृष्ठावर ग्रेसला भेगा पडलेली जमीन घालायची होती, मोबाईलवरून काढलेली. मी म्हटलं, तसली जमीन सगळ्यांच्या पुस्तकांवर असते, आपल्याकडं आहे ते कुणाकडं नाही. म्हणून मुखपृष्ठावर तुझी सही आहे. 'आक्कास, प्रेमाने', तारखेसकट. मेलेल्या आक्काला छत्तीस वर्षांनी प्रेमानं पुस्तक पाठवणारा लेखक, दिपाली मॅडम म्हणाल्या, सुरुवात जोरदार आहे.

दुसऱ्या पानावर माझा फोटो. ग्रेस म्हणाली, आजी, काळा-पांढरा काढू, तू कपाळावर हात धरून लांब बघ, सुरकुत्या दिसू देत. मी म्हटलं, तसं मी आयुष्यात एकदाच बघितलं, एस.टी. चुकली तेव्हा. नोहाच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसून, मोतीबिंदूनंतरचा काळा गॉगल लावून बसले. मेलेल्या बाईनं तरी जरा नीटनेटकं दिसावं.

तिसऱ्या पानावर हयातीचा दाखला. तुझे दाजी लष्कराच्या वर्कशॉपात होते, त्यांच्या माघारी मला पेन्शन आहे. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन मशीनवर अंगठा ठेवायचा, की मी अजून आहे. माझ्या अंगठ्याच्या रेषा खडीनं खाल्ल्या. मशीन दोनदा नाही म्हणतं. तिसऱ्यांदा साहेब म्हणतो, आजी, जरा ओला करून दाबा, आणि मग मशीन हो म्हणतं. सरकारला तीन खेपांत पटतं, शांतवन.

पुढची सगळी पानं मुलाखतीची. ग्रेसला निबंध लिहायचा होता, 'एलझीच्या व्यक्तिरेखेचे चित्रण' असलं काहीतरी. मी म्हटलं, चित्रण तुझ्या मामाआजोबानं केलंय, त्यातच मी गेले. तू आपली प्रश्न विचार, मी उत्तरं देते. थोडी पाठवते, वाच.

प्रश्न. आपण कधी वारलात?
उत्तर. पान बासष्टवर. तोपर्यंत बरी होते.

प्रश्न. शेवटच्या क्षणी आपल्याला काय वाटलं?
उत्तर. लेखकाला विचार, त्या पानावर तोच होता. मी कामावर होते.

प्रश्न. मृत्यूनंतर आपण काय केलंत?
उत्तर. लग्न. तीन लेकरं. म्हशी राखल्या, मंडळीच्या बायकांत गीतं म्हणायला पुढं असायची. गुडघे धरलेत आता.

प्रश्न. लेखकाबद्दल आपलं मत?
उत्तर. रडवतो चांगलं.

हे शेवटचं ग्रेस खोडत होती. मी खोडू दिलं नाही. ते कौतुक आहे.

ओळ अजून आली नाही.

आक्का


भिंगार,
१९ डिसेंबर २०२५

शांतू,

आलं तुझं पत्र. टाईप केलेलं, दोन पानी, खाली सही. ग्रेसनं तीनदा वाचलं, दोनदा मला आणि एकदा तिच्या मनाशी. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय. 'आक्का, पुस्तकातील एलझी म्हणजे तू नव्हेस, ती दुष्काळात गेलेल्या सर्व बहिणींचे प्रतीक आहे.' आणि खाली, 'साहित्यातील सत्य निराळे असते, ते तुला समजावून सांगणे अवघड आहे.'

अवघड तर अवघड. मी सोपं सांगते तुला. ग्रेस, हितनं पुढं मी बोलंल तसंच लिही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कामावर मजुरांना खायाला सरकारची कोरडी गोड सुकडी मिळायची. आठ दिस मी माझ्या वाट्याची तोंडात घातली न्हाई. बोर्डिंगात तुला पातळ आमटी मिळती आसं आई म्हनायची. खडीच्या ट्रकवर बसून जामखेडला आले, तितनं एस.टी.नं नगरला. पुरचुंडी पदरात. फाटकाशी तू हुतास, पांढरा सदरा, केसाला तेल. वॉर्डन साहेबांनी इचारलं, "कोण रे ही?"

तू माझ्याकडं बघितलंस. माझ्या पायाकडं बघितलंस. म्हनलास, "आमच्या गावची बाई आहे, सर."

सायब मला म्हनले, "काय काम काढलं, बाई?"

आन् मी काय म्हनले, आठवतंय का तुला? मी म्हनले, "ह्याच्या आईनं दिलंय, सायेब. पोचवाय आले." तुझी लाज मी झाकली. पुरचुंडी तुझ्या हातात दिली, भाईरच्या नळावर पानी प्याले न् परत फिरले. ही गोष्ट मी आईला सांगितली न्हाई, नवऱ्याला न्हाई, पाळकसाहेबांना न्हाई. बावन्न वर्सं. म्हनलं, लेकरू हुतं, घाबरलं आसंल.

आता तुझं पान बासष्ट. ग्रेसनं हळू हळू वाचलं, मी बोट धरून बसले हुते कुठल्या ओळीवर हाय म्हनून. 'फाटकाशी गावची एक बाई आली. चेहरा धुळीने भरलेला. तिचे नाव मी विचारले नाही. तिने सुकडीची पुरचुंडी पुढे केली आणि म्हणाली, एलझी गेली.'

तू मला नुसतं मारलं न्हाईस, शांतू. माझ्या मरनाची खबर माझ्याच तोंडी दिलीस.

एका म्या मरायचं न् दुसऱ्या म्या नाव नसल्याली गावची बाई व्हायाचं. तुला एक बहीन नको झाली म्हनून तू तिच्या दोन केल्यास. लिव्हताना तुझं पेन अडलं का रं? का तवा पन टाईपच केलं?

(आजीनं इथं सूप ओढून परत लसूण सोलायला घेतला. — ग्रेस)

बरं. आता परत शुद्ध लिही पोरी.

तर ह्या कारणानं आम्ही प्रकल्पात बदल केलाय. पानाचे उभे दोन भाग. डाव्या बाजूला एलझी बोलते, उजव्या बाजूला गावची बाई. दोघी तुझ्या पुस्तकात एकमेकींना भेटत नाहीत, आमच्याकडं भेटतात. उजवीकडची डावीकडचीला विचारते, "तू कशानं मेलीस?" डावीकडची म्हणते, "ते तूच सांगून आलीस की." ग्रेसनं विचारलं, आजी, कुठलं उत्तर कुणाचं, खाली काय लिहू? मी म्हटलं, दोन्हींखाली माझा अंगठा उठव. अंगठा एकच आहे, लेखकाला हिशेब जुळवू दे.

तुझ्या प्रतीकाला नाताळाच्या शुभेच्छा. मी करंज्या करतेय.

गावची बाई


भिंगार,
१६ जानेवारी २०२६

प्रिय भाऊ शांतवन यास आक्काचा सलाम आणि गोड पापा.

आज मी एवढी खूश आहे की ग्रेस म्हणाली, आजी, तुझी शुगर वाढली वाटतं.

तू मला ओळ दिली नाहीस, पण प्राचार्यांना दिलीस. काल दिपाली मॅडमनी ग्रेसला बोलावून तुझ्या अर्जाची नक्कल हातात दिली, नियमाप्रमाणे द्यावी लागते म्हणून. ग्रेस घरी येऊन दारातूनच वाचायला लागली. मी पाच वेळा वाचून घेतला. तुला विसर पडला असेल तर इथं उतरवते.

'सदर स्पर्धेच्या नियम क्र. ५ नुसार देणगीदाराचे नातेवाईक सहभागास अपात्र आहेत. कु. ग्रेस ही माझी सख्खी थोरली बहीण एलिझाबेथ हिची नात असल्याने तिचा प्रकल्प स्पर्धेतून वगळण्यात यावा.'

सख्खी. थोरली. बहीण. एकाच ओळीत तिन्ही. पुढं 'प्रभुवासी' लावायचंसुद्धा राहून गेलं तुझं. आणि ते लावलं असतंस तरी काय? सोळाव्या वर्षी कुवार मेलेल्या पोरीला नात कुठून आली, हे प्राचार्यांनाही सुचलंच असतं. सुचलंच म्हणे. त्यांनी दिपाली मॅडमना विचारलं, "ह्यांच्या बहिणी किती?" मॅडम म्हणाल्या, "पुस्तकात एक, भिंगारला एक."

आता तुला एक गंमत सांगते. तो नियम पाचवा मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. अर्ज भरताना ग्रेसनं वाचून दाखवला होता. म्हणाली, आजी, आपण बसत नाही ह्यात. मी म्हटलं, मग नक्की घाल नाव. प्रकल्प पडावा म्हणून तू काय काय करशील ह्याचा मी विचार केला. तू भांडणार नाहीस, भांडायला समोर यावं लागतं. तू कायद्यात काहीतरी शोधणार. लहानपणी विटीदांडूत हरायला आलास की नवा नियम काढायचास. मला तो नियम तुझ्यासाठी तयारच मिळाला. तुला तो सापडेपर्यंत तेवढी थांबले मी.

ग्रेसला मी गळाला लावलं, हे खोटं नाही. तिला आधी सांगितलं होतं की ढाल तुला मिळणार नाही. दोन दिवस तिनं प्रकल्पाला हात लावला नाही. मग म्हणाली, "मार्क तरी मिळतील ना?" मार्क मिळाले. वीसपैकी सतरा. संदर्भसूची जोडली नाही म्हणून तीन कापले. मी मॅडमना निरोप धाडलाय, संदर्भ जोडता येत नाही, त्याला रिक्षानं आणावं लागतं.

कार्यक्रमाला येतेय. पत्रिका आलीय मला. पाकिटावर माझं नाव आहे, आत ढालीवरही माझंच.

आक्का (हयात)


भिंगार,
९ फेब्रुवारी २०२६

शांतवन यास,

परवाचं तू पाहिलंसच. पण स्टेजवरून वेगळं दिसतं आणि पहिल्या रांगेतून वेगळं, म्हणून लिहिते.

आम्ही लवकर पोचलो. मागं मोठा फ्लेक्स लावला होता, प्रभुवासी एलिझाबेथ स्मृती. कॉलेजचा शिपाई बजरंग स्टुलावर चढून 'प्रभुवासी'वर पांढरा कागद चिकटवत होता. मी म्हटलं, "काढ रे तो कागद, चांगला फ्लेक्स खराब करतोस." तो म्हणाला, "आजी, प्राचार्य सरांचा हुकूम हाय. त्या बाई जिवंत निघाल्यात." मी म्हटलं, "मीच ती. मला चालतंय." त्यानं माझ्याकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं आणि स्टूल घेऊन गेलाच. कागद अर्धाच चिकटला होता. तू त्या अर्ध्या कागदाखाली तासभर बसलास.

प्राचार्यांना कारण सांगणं भाग होतं. कु. ग्रेस ह्यांचा प्रकल्प परीक्षकांनी सर्वोत्तम ठरवला होता, परंतु त्या देणगीदारांच्या भगिनींच्या नात असल्यानं तो वगळला आहे, आणि त्या भगिनी आज आपल्यात उपस्थित आहेत. मी उठून उभी राहिले. गुडघ्यामुळं वेळ लागला, तेवढ्यात सगळ्यांनी माना वळवून बघून घेतलं. मग मागच्या बाकावरून कुठल्याशा पोरीनं विचारलं, "मग मेलं कोण?"

हसले सगळे. तुला हसायला आलं नाही. तुझ्या हातात भाषणाचे कागद होते, जाडजूड. तू त्यातलं एकही पान उलटलं नाहीस. पाथर्डीच्या आदिनाथला ढाल दिलीस आणि खाली बसलास. ग्रेसनं टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. पोरगं गुणी आहे.

मग चहाला तू आलास.

"आक्का, झालं तुझं समाधान?"

"न्हाई."

"आता आणखी काय हवं?"

"ह्यात साखर घालाय सांग."

तू स्वतः जाऊन साखर आणलीस. कागदाच्या कपात, चमचा नव्हता म्हणून पेननं ढवळून दिलीस. मग तू म्हणालास, आणि तेही हळू, बाजूला दोन मास्तर उभे होते म्हणून, "म्या चुकलो, आक्का." चाळीस वर्षांत तुझ्या तोंडून गावाकडचं पहिल्यांदा ऐकलं. मला भरून आलं असं समजू नकोस. तू शुद्ध बोललास तेव्हाही मला कळत होतं आणि हेही कळलं. बोलायला दोन मास्तरांचा अडसर झाला तुला. मला मारताना सगळा महाराष्ट्र समोर होता.

मग तू म्हणालास, नवी आवृत्ती निघतेय, चौथं प्रकरण गाळून टाकतो.

ह्याच्यासाठी हे पत्र. गाळायचं नाही.

ते प्रकरण गेलं तर पोरं काय वाचणार? बोर्डिंगात शिकून मोठा झालेला गरिबाचा पोर, त्याला बहीण नव्हतीच. म्हणजे तू मला तिसऱ्यांदा काढणार. पहिल्यांदा फाटकाशी, दुसऱ्यांदा पानावर, आता पानासकट. जमायचं नाही. एक शब्द बदलायचा नाही. ताप राहू दे, टायर राहू देत, ती गावची बाई राहू दे. दिपाली मॅडमशी माझं बोलणं झालंय. दर वर्षी त्या ते प्रकरण शिकवणार, पोरं डोळे पुसायला लागली की मी वर्गात जाणार आणि पहिल्या बाकावर बसणार. तू जितकं चांगलं लिहिलंस तितका माझा तास रंगणार. म्हणून म्हणते, लिहितोस चांगलं. छापत राहा.

माफीचं तू विचारलं नाहीस, चुकलो म्हणालास. तेवढं मी ऐकून घेतलं. त्याच्यापुढं मी काही दिलेलं नाही, आणि देईन असं धरून चालू नकोस.

शेवटचं. माझं वय झालंय. मशीन येत्या नोव्हेंबरला तिसऱ्या खेपेलाही हो म्हणेल याची खात्री नाही. मी गेले की तुला कुणी कळवणार नाही. नोहाला आणि ग्रेसला तसं बजावून ठेवलंय, आणि ग्रेस हे लिहिताना मान खाली घालून लिहितेय. पाळकसाहेब फोन करायला निघाले तर त्यांनाही थांबवायचं. फाटकाशी कुणी बाई पाठवायची नाही. तुला रडावंसं वाटलं तर आपलं पुस्तक उघड. तिथं सगळी तयारी तू करून ठेवली आहेस.

तुझी सख्खी, थोरली
एलिझाबेथ